सेल्फ फिरतो, पेट्रोल येतंय, पण प्लगला करंटच नाही!

साताऱ्याहून, गोडोलीतून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्याकडे वडलांची १९९२ ची प्रीमियर पद्मिनी आहे, वडील गेल्यापासून त्याच चालवतात. पत्र जरा लांब आहे म्हणून मुद्द्याचं तेवढंच देतो:

"दादा, सप्टेंबरात फुलं बघायला कासला निघालो होतो. यवतेश्वर घाटात ही गर्दी, पहिल्या गिअरमध्ये रखडत रखडत चाललो होतो, तेवढ्यात गाडी मिसिंग करायला लागली आणि बंद पडली. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर आपोआप चालू. नंतर गावातही एकदोनदा तसंच झालं. म्हणून मेकॅनिकला दाखवली, त्याने प्लग, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर सगळं नवीन टाकलं. त्या दिवसापासून गाडी सुरूच होत नाही. सेल्फ मस्त फिरतो, पेट्रोल येतंय, पण करंट नाही. आता तो म्हणतो इलेक्ट्रॉनिक किट टाकू. भाऊ म्हणतो भंगारात घाल एकदाची. मला स्वतःला काही बघता येईल का? वायरिंगमधलं मला फारसं कळत नाही, पण पान्हे-पक्कड धरायला मी घाबरत नाही."

ताई, घाबरत नाही म्हणालात ना, मग निम्मं काम झालं. आणि पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलाय, "त्या दिवसापासून गाडी सुरूच होत नाही". आधी गाडी गरम झाली की बंद पडायची आणि थंड झाली की चालू व्हायची, आता ती थंडगार असताना पण मुकी आहे. हा एकच आजार वाढलेला नाही ओ, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला घाटातला, तो कशामुळे होता हे अजून कुणीच शोधलेलं नाही. आणि दुसरा गॅरेजमध्ये सामान बदलताना आलेला, एक तर नवीन टाकलेला पार्टच खराब निघालाय किंवा बसवताना काहीतरी उलटसुलट झालंय. यावर आता अजून एक नवी वस्तू म्हणजे ते किट (पॉइंटच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बसवलं तर गुंता वाढणार, कमी नाही होणार. म्हणून आधी काही विकत घ्यायचं नाही, करंट नक्की कुठपर्यंत येतोय आणि कुठे थांबतोय तेवढंच बघायचं.

एक गोष्ट आजच करा, मेकॅनिककडून काढलेली जुनी कॉइल, जुने पॉइंट आणि जुना कंडेन्सर परत मागून घ्या. त्याने टाकून दिले नसतील तर सोनं समजून डिकीत ठेवा. जुन्या गाड्यांसाठी हल्ली पुड्यात जे कंडेन्सर आणि रोटर मिळतात त्यातले बरेच असे असतात की जुना तीस वर्षांचा ओरिजनल परवडला, हे माझं मत आहे आणि जुन्या गाड्या सांभाळणारी बरीच मंडळी हेच सांगतील.

आता हा करंट बनतो कसा ते थोडक्यात, म्हणजे पुढचं समजेल. बॅटरीचे १२ व्होल्ट किल्लीतून कॉइलच्या एका टोकाला येतात, कॉइलमधून जाऊन दुसऱ्या टोकातून पातळ वायरने डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगना करंट वाटून देणाऱ्या डब्यातल्या) पॉइंटला, म्हणजे उघडमीट करणाऱ्या धातूच्या दोन टोकांना जातात, पॉइंट मिटलेले असले की तिथून अर्थ होतात, म्हणजे गाडीच्या लोखंडात जातात. इंजिन फिरलं की आतला कॅम, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा, पॉइंट उघडतो आणि वाहता करंट एकदम तुटतो. भरधाव नळ झटक्यात बंद केला की पाइप कसा धाडकन धक्का देतो तसा तो धक्का कॉइलमध्ये बसतो आणि तिच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होतात. ते कॉइलच्या मधल्या जाड वायरने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये, तिथून आत फिरणाऱ्या रोटरवर आणि रोटर ज्याच्या समोर असेल त्या प्लगला. कंडेन्सरचं काम म्हणजे पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू न देणं, म्हणजे करंट स्वच्छ तुटतो. बस एवढंच, यात ना सेन्सर ना कॉम्प्युटर. अमेरिकेत केटरिंग नावाच्या माणसाने १९१० च्या आसपास कॅडिलॅक गाडीसाठी ही पद्धत बसवली आणि तुमच्या ९२ च्या पद्मिनीत पण तीच आहे.

म्हणजे दोन भाग झाले, १२ व्होल्टचा पातळ वायरचा भाग आणि हजारो व्होल्टचा जाड वायरचा भाग. पहिली टेस्ट अशी करायची की कुठला भाग नापास आहे ते एका फटक्यात कळलं पाहिजे. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधोमध जी जाड वायर कॉइलकडून येते ती कॅपमधून उपसा, तिचं उघडं टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडापासून पाचसहा मिलिमीटरवर राहील असं कोरड्या लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या चिमट्यात अडकवा, हातात धरायचं नाही, आणि कार्बोरेटरपासून लांब. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि भावाला सांगा सेल्फ मार. टकटक आवाज करत निळी ठिणगी उडाली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळं पास, दोष पुढे कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरमध्ये. काहीच उडालं नाही तर दोष मागे, पातळ वायरच्या भागात किंवा कॉइलमध्ये. पिवळी मरतुकडी ठिणगी आली तर कंडेन्सर किंवा कॉइलवर संशय. तुमच्या केसमध्ये काहीच उडणार नाही असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर चालायचं नाही, बघायचं.

हे करताना ओढणी, पदर, मोकळे केस सगळं बांधून घ्या, पद्मिनीचा पंखा बेल्टवर आहे, इंजिन फिरलं की तो फिरणारच. हातातल्या बांगड्या-अंगठी काढा, पायात रबरी चप्पल, पेट्रोल सांडलेलं असेल तर ते पूर्ण उडून जाऊ दे मगच. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांना गाडीजवळ उभं करू नका. आणि किल्ली ऑन करून पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवून चहाला जायचं नाही, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जाते.

आता खरं हत्यार, पार्किंग लाइटचा साधा बल्ब. १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, एका वायरीला चिमटा. ऑटो इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही दुकानात बनवून देतील. एलईडीवाला टेस्टर नको, तो एवढ्याशा करंटवर पण लागतो आणि सडलेल्या कनेक्शनला पण ओके म्हणतो, साधा बल्ब खरा करंट खातो म्हणून खोटं बोलत नाही.

चिमटा इंजिनला लावा म्हणजे अर्थ झाला. दुसरं टोक कॉइलच्या किल्लीकडून आलेल्या स्क्रूवर टेकवा, जुन्या ल्युकासच्या कॉइलवर तिथे एसडब्ल्यू लिहिलेलं असतं, नवीनवर प्लसची खूण. किल्ली ऑन केली की बल्ब लख्ख लागला पाहिजे. नाही लागला तर किल्लीच्या स्विचपासून इथपर्यंत वायरीत कुठेतरी गडबड, मग बॅटरीच्या प्लसवरून एक तात्पुरती वायर थेट त्या स्क्रूवर आणून बघा, गाडी सुरू झाली तर दोषी सापडला (बंद करताना ती वायरच काढावी लागेल, किल्लीने बंद होणार नाही, ध्यानात ठेवा). आणि बल्ब लागलेला असताना सेल्फ मारून पण बघा, काही गाड्यांत किल्ली ऑनला बल्ब लागतो पण सेल्फ मारताना विझतो, तो स्विचचा घिसलेला कॉन्टॅक्ट. अशी गाडी सेल्फ सोडताना त्या क्षणाला एकदा फुरफुरते आणि मरते. तुमच्या पत्रात तसं काही नाही म्हणून मी यावर जास्त वेळ घालवत नाही.

आता बल्बचं टोक कॉइलच्या दुसऱ्या स्क्रूवर, जिथून पातळ वायर डिस्ट्रिब्युटरला जाते. जुन्या कॉइलवर सीबी, नवीनवर मायनस. भावाला सेल्फ मारायला सांगा. इथे तीनच गोष्टी होऊ शकतात आणि तुमचं उत्तर त्यातल्या एकीत आहे.

बल्ब लुकलुक करतोय, म्हणजे पॉइंट उघडमीट करतायत, पातळ वायरचा भाग पास. तरी जाड वायरीतून ठिणगी नाही तर मग बहुतेक कॉइलच्या आतलं बारीक वेटोळं गेलं, नवीन असली तरी जाऊ शकते.

बल्ब सतत लागलेला, विझतच नाही, म्हणजे पॉइंटमधून अर्थ होतच नाहीये. नवीन पॉइंट टाकल्यावर हे हमखास दिसतं, कारण गंजू नये म्हणून पॉइंटच्या टोकांवर कंपनी तेलकट थर देऊन पाठवते आणि तो न पुसताच बसवले की करंट जात नाही. कोऱ्या जाड कागदाची पट्टी पेट्रोलमध्ये किंचित भिजवून पॉइंटच्या मधून दोनचार वेळा ओढा, मग कोरडी ओढा, झालं. तरी लागलेलाच असेल तर गॅप बघा, कदाचित एवढा जास्त ठेवलाय की मिटतच नाहीत. कॅम सगळ्यात उंच असताना फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.४ ते ०.५ मिमी. इंजिन थोडं थोडं फिरवायला किल्ली बंद ठेवून गाडी चौथ्या गिअरला टाका आणि हळू पुढे ढकला. हेही बरोबर असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या आत जी बोटभर लवचिक वायर असते ती बघा, पॉइंटची प्लेट हलते तशी ती वाकत राहते आणि वर्षानुवर्षांनी आतली तार तुटते, वरचं कव्हर मात्र शाबूत दिसतं. हलकेच ओढून बघा, रबरासारखी ताणली गेली तर आत तार नाही.

आणि तिसरं, बल्ब लागतच नाही, सेल्फ मारा नाहीतर काही करा. इथे डिस्ट्रिब्युटरची वायर कॉइलच्या त्या स्क्रूवरून काढा आणि परत बल्ब टेकवा. आता लागला? म्हणजे कॉइल चांगली आहे आणि डिस्ट्रिब्युटरच्या आत करंट कायमचा अर्थ होतोय. अजूनही नाही लागला? मग कॉइलचंच १२ व्होल्टचं, जाड तारेचं वेटोळं तुटलंय, जुनी कॉइल लावून बघा.

ताई, माझा पैसा या तिसऱ्यावरच आहे. पॉइंट ज्या खिळ्यावर फिरतात आणि वायर ज्या स्क्रूला लागते तिथे फायबरचे किंवा प्लॅस्टिकचे बारके वॉशर असतात. वायरीचं टोक आणि कंडेन्सरचं टोक पॉइंटच्या स्प्रिंगला चिकटलं पाहिजे पण खालच्या प्लेटला अजिबात लागता कामा नये, आणि हे सगळं वेगळं ठेवायचं काम तो एवढासा वॉशर करतो. बसवताना तो वरखाली झाला, जुन्या पॉइंटबरोबर निघून गेला किंवा स्क्रू आवळताना वायरीचं टोक फिरून प्लेटला टेकलं की संपलं. पॉइंट बाहेरून मस्त उघडमीट करताना दिसतात, मेकॅनिक म्हणतो सगळं बरोबर आहे, आणि गाडी मात्र गप्प. हल्ली पॉइंटवाली गाडी पोरांच्या हातात येतेच कुठे, त्यामुळे त्यालाही फार दोष देऊ नका, पण तो वॉशर बघितल्याशिवाय किटचं नाव काढू नको म्हणावं.

वॉशर जागेवर असतील तर कंडेन्सर. त्याची वायर सोडवून लोंबकळत ठेवा, कशाला लागू देऊ नका, डिस्ट्रिब्युटरची वायर कॉइलला परत जोडा आणि बल्ब लावून सेल्फ मारा. आता लुकलुकला तर कंडेन्सर आतून शॉर्ट आहे. कंडेन्सर नसताना गाडी धड चालत नाही, ठिणगी अशक्त येते आणि पॉइंट जळतात, म्हणून दुसरा लावावाच लागेल, पण तपासायला कुठल्याही पॉइंटवाल्या गाडीचा साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर चालतो, त्याची वायर कॉइलच्या सीबी किंवा मायनस स्क्रूला आणि बॉडी अर्थला, बाहेरूनच.

समजा पहिल्या टेस्टला मस्त निळी ठिणगी आली, तर कॅप उघडा. आधी एक साधी गोष्ट, सेल्फ मारताना रोटर फिरतोय का. फिरत नसेल तर दोष करंटचा नाहीच, खाली ड्राइव्ह किंवा टायमिंग चेन गेलीय, तिथे हात लावू नका. फिरत असेल तर कॅपच्या आत मधोमध छोटी कार्बनची कांडी आहे का आणि स्प्रिंगवर आतबाहेर होते का ते बघा, कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेष असेल तर करंट तिथून पळतोय आणि कॅप बदलावी लागेल. साताऱ्यातला पाऊस काय सांगायचा तुम्हाला, जुलै-ऑगस्टात कॅपच्या आत नुसता दमटपणा बसला तरी सकाळी गाडी सुरू होत नाही, कोरड्या फडक्याने आतून पुसलं की काम होतं. रोटर आतून फुटला असेल तर डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी कॅप काढलेली ठेवून कॉइलची जाड वायर रोटरच्या मधल्या पितळेपासून पाचसहा मिलिमीटरवर अडकवा, पॉइंट मिटलेले असताना किल्ली ऑन करा आणि प्लॅस्टिकच्या काडीने पॉइंट उघडा, ठिणगी रोटरवर उडी मारत असेल तर ती त्याला भोक पाडून खाली शाफ्टला जातेय, रोटर बाद. नाही मारली तर चांगला.

प्लगच्या वायरी मेकॅनिकने काढल्या होत्या म्हणून क्रम पण तपासा, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, एक नंबर रेडिएटरकडचा. हा चुकला तर करंट असूनही गाडी फट्फट् करते, सुरू होत नाही. आणि प्लगला करंट बघताना प्लगचं लोखंड इंजिनला नीट टेकलेलं पाहिजे, नुसतं हवेत धरून "नाही येत" म्हणणारे पण बघितलेत मी.

कॉइलबद्दल अजून एक. नवीन टाकलेली कॉइल कुठल्या गाडीची आहे ते मल्टिमीटरने बघून घ्या, दोन बारक्या स्क्रूंमध्ये साधारण ३ ओहम दाखवलं पाहिजे. दीडच्या आसपास दाखवत असेल तर ती बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी करणारा बाहेरचा पार्ट) लावून वापरायची कॉइल आहे, तुमच्या गाडीत तशीच थेट लावली तर दुप्पट करंट खाणार, स्वतः तापणार आणि पॉइंट पण जाळणार.

किटचं विचारलंय तर, किट वाईट नाही. चांगलं बसवलं तर पॉइंट घासायची कटकट जाते. पण किटला पण तीच किल्लीची लाइन लागते, तोच अर्थ, तोच रोटर आणि तीच कॅप. दोष त्यातल्या कशात असेल तर किट टाकून पण गाडी गप्पच राहणार आणि तुमचे पैसे जाणार. आधी पॉइंटवर गाडी ठणठणीत चालू द्या, मग हौस असेल तर किट घाला, आणि पॉइंटची प्लेट डिकीत जपून ठेवा. किट घातल्यावर मात्र ही जाड वायर उपसून ठिणगी बघायची टेस्ट करायची नाही, किटचं मॉड्यूल उडू शकतं.

भावाचं म्हणणं भंगारात घाल. पेट्रोल गाडी १५ वर्षांनी बंदच करायची हा नियम दिल्लीकडचा, आपल्याकडे फिटनेस करून आरसी पाच-पाच वर्षांनी रिन्यू होते, वर पर्यावरण कर भरावा लागतो. त्यामुळे तुमच्या आरसीची तारीख बघा, संपली असेल किंवा जवळ आली असेल तर खर्च करायच्या आधी साताऱ्याच्या आरटीओत फी विचारून या, जुन्या गाड्यांची फी वाढलीय. व्हिंटेजची सवलत ५० वर्षांनंतर, ती विसरा. पार्टचं म्हणाल तर मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यांच्या जिवावर चालणारं स्पेअरचं मार्केट आता आटत जाणार. पुण्यात नाना पेठेत चक्कर मारली तर कॅप, रोटर, पॉइंट अजून मिळून जावेत, दोन सेट घेऊन ठेवा. गाडी ठेवायची की नाही ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा, वॉशरसाठी भंगारात घालू नका एवढंच.

आता गाडी सुरू झाल्यावरचं, हे विसरू नका. घाटातला पहिला आजार अजून तिथेच असू शकतो. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू याची मुख्य कारणं म्हणजे कॉइल, कंडेन्सर, ती आतली तुटकी वायर, किंवा चक्क पेट्रोल. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला आहे, गर्दीत रखडत चढताना बॉनेटखाली एवढं तापतं की पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि पंप ओढेनासा होतो. खंबाटकीला नाहीतर पसरणीला पंपावर ओलं फडकं टाकून दगडावर बसलेली माणसं तुमच्या वडलांनी बघितली असतील, कदाचित स्वतःही बसले असतील. घाटात त्या दिवशी करंट होता की नव्हता हे कुणीच बघितलं नाही, म्हणून कॉइल बदलली ती अंधारात.

तेव्हा सुरू झाली की लगेच कासला पळू नका. घरासमोर उभी करून अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, बॉनेट लावलेलं, टेंपरेचरच्या काट्यावर नजर. बंद पडली की त्याच मिनिटाला, थंड व्हायच्या आत, जाड वायरीची टेस्ट करा. निळी ठिणगी आली तर पेट्रोलकडे बघायचं, पंपावर ओलं फडकं टाकून लगेच सुरू होते का बघा. ठिणगी नाही आली तर बल्ब लावून कुठल्या टोकाला काय दिसतंय ते कागदावर लिहून ठेवा आणि मला कळवा, किल्लीकडच्या टोकाला लागला का, डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लागलेलाच राहिला, लुकलुकला की विझलेला, आणि कॉइलला हात लावला तर कोमट होती की चटका बसला.